डोळ्यातली बाहुली, पायातली पोटरी: शरीररचनेची लॅटिन-ग्रीक नावे कशी शिकावीत

वैद्यकीय, नर्सिंग किंवा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतलेल्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. दर वर्षी लातूर, सातारा, जव्हारकडून मुले परळ-शीवच्या वसतिगृहांत येतात. बारावीला उत्तम गुण पडलेले असतात, पण ॲनाटॉमीच्या नावांपुढे पहिल्या पंधरा दिवसांतच त्यांचा धीर सुटतो. मग ती रात्र रात्र जागून स्पेलिंगे पाठ करतात. आठवड्याने निम्मी विसरतात आणि आपलीच बुद्धी कमी पडते असे मनाशी धरून बसतात. बुद्धी कमी पडत नसते. पाठ करायची नसलेली गोष्ट ती पाठ करत असतात.

मीही त्याच वाटेने गेले. पहिल्या तोंडी परीक्षेत मला गॅस्ट्रॉक्नेमियस या स्नायूबद्दल विचारले. तो कुठून निघतो, कुठे जोडला जातो, हे मी घडाघडा सांगितले. परीक्षक म्हातारे होते. त्यांनी खुर्चीतून वाकून स्वतःच्या पायाचा मागचा भाग दाबला आणि विचारले, "बाळ, घरी याला काय म्हणतात?" मी म्हटले, "पोटरी, सर." "मग पोटरी या शब्दात तुला काय दिसते?" मी गप्प. ते म्हणाले, "पोट दिसते. ग्रीक माणसालाही तेच दिसले. गॅस्टर म्हणजे पोट, क्नेमे म्हणजे गुडघ्याखालचा पाय. पायाचे पोट. जा आता."

त्या दिवशी जे कळले तेच आज रविवारच्या वर्गात नव्या मुलांना शिकवते. या नावांत गूढ असे काही नाही. ती घरातल्या वस्तूंची, प्राण्यांची, फळांची नावे आहेत, आणि बऱ्याच वेळा आपल्या आजीने त्याच अवयवाला त्याच वस्तूचे नाव दिलेले असते.

पहिली पायरी: आधी घरचा शब्द लिहा

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखा. पहिल्या रकान्यात अवयवाचे घरचे मराठी नाव लिहायचे. पुस्तकी प्रतिशब्द तिथे नको, आई-आजी वापरतात तो शब्द हवा. नंतरच्या तीन रकान्यांबद्दल पुढे सांगते. हा पहिला रकाना मुलांना पोरकट वाटतो, म्हणून आधी त्याचेच मोल दाखवते.

डोळ्याच्या मधल्या काळ्या छिद्राला आपण बाहुली म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिले की आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, म्हणून बाहुली. लॅटिनमध्ये तिला प्युपिला म्हणतात, अर्थ छोटी मुलगी, बाहुली. ग्रीकमध्ये कोरे, अर्थ मुलगी आणि बाहुली. संस्कृतातल्या कनीनिका शब्दालाही मुलगी आणि डोळ्यातली बाहुली असे दोन्ही अर्थ आहेत. अपघातग्रस्त रुग्णाच्या नोंदीत ॲनायसोकोरिया हा शब्द दिसला तर घाबरू नका. अन् म्हणजे नाही, आयसो म्हणजे समान, कोरे म्हणजे बाहुली. दोन डोळ्यांतल्या बाहुल्या सारख्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मात्र हे चिन्ह गंभीर असू शकते, म्हणून शब्द वाचताक्षणी कळायला हवा.

गुडघ्याच्या वाटीचे लॅटिन नाव पटेला, म्हणजे लहान ताटली. मांडीचे हाड ज्या खळग्यात फिरते तो ॲसिटॅब्युलम, म्हणजे रोमन जेवणातली व्हिनेगरची वाटी. गळ्याखालच्या आडव्या हाडाला आपण गळ्यातल्या दागिन्यावरून हासळी म्हणतो. रोमन माणसाने त्यात छोटी किल्ली पाहिली, म्हणून क्लॅव्हिकल. नडगीच्या हाडाला आपण पायाची नळी म्हणतो आणि लॅटिन टिबिया म्हणजे बासरी. तिच्या शेजारचे बारीक हाड फिब्युला, म्हणजे कपड्याला लावायची पिन. दोन्ही हाडे हातात घेऊन पाहा. पिन आणि तिचा दांडा दिसतोच.

प्रत्येक ठिकाणी चित्र जुळेलच असे नाही, आणि न जुळणारी चित्रे मला जास्त आवडतात. दंड फुगवला की आपल्याकडे बेटकुळी येते, म्हणजे बेडकी. रोममध्ये त्याच फुगवट्यात कातडीखाली पळणारा उंदीर दिसला. मस म्हणजे उंदीर, मस्क्युलस म्हणजे छोटा उंदीर, आणि त्यावरून मसल. ग्रीकमध्येही मिस हा एकच शब्द उंदराला आणि स्नायूला चालतो. मायोकार्डियम म्हणजे हृदयाचा स्नायू, मायाल्जिया म्हणजे स्नायूदुखी, त्यांतला मायो तोच. पाठीच्या कण्याच्या टोकाला आपण माकडहाड म्हणतो. ग्रीकांना ते हाड कोकिळेच्या जातीतल्या पक्ष्याच्या चोचीसारखे वाटले, म्हणून कॉक्सिक्स. घशात लोंबणाऱ्या पडजिभेत लॅटिनला छोटे द्राक्ष दिसले, म्हणून युव्ह्युला. ग्रीकला तिथे द्राक्षांचा घोस दिसला, म्हणून स्टॅफिली. सूक्ष्मदर्शकाखाली घोसासारखे दिसणारे जंतू स्टॅफिलोकॉकस झाले ते याच शब्दावरून. एका शब्दावर दोन विषय सुटतात, ॲनाटॉमी आणि मायक्रोबायोलॉजी.

दुसरी पायरी: लॅटिन आणि ग्रीक वेगळे करा

दुसऱ्या रकान्यात लॅटिन मूळ लिहा, तिसऱ्यात ग्रीक. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण एकाच अवयवाला दोन नावे का असावीत हे कुणी सांगितलेले नसते.

कारण इतिहासात आहे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्रॅटस यांनी मानवी शवांचे विच्छेदन केले. त्यांची भाषा ग्रीक होती. पहिल्या शतकात सेल्ससने वैद्यकावर लॅटिनमध्ये लिहिले, पण दुसऱ्या शतकातला सर्वांत प्रभावी वैद्य गेलन पुन्हा ग्रीकमध्येच लिहिणारा. त्याचे ग्रंथ अरबीत गेले आणि अरबीतून लॅटिनमध्ये आले. १५४३ साली बाझेलला वेसेलियसचा शरीररचनेवरचा मोठा सचित्र ग्रंथ छापला गेला, तो लॅटिनमध्ये. तोवर एकेका भागाला अनेक नावे पडली होती. १८९५ मध्ये बाझेललाच तज्ज्ञांनी बसून सुमारे ५०,००० नावांतून साधारण साडेपाच हजार नावे नक्की केली, आणि १९९८ च्या आंतरराष्ट्रीय यादीपर्यंत हे काम चालू राहिले. परिणाम असा झाला की अवयवाचे अधिकृत नाव बहुधा लॅटिन वळणाचे राहिले, तर त्याच्या रोगाचे, शस्त्रक्रियेचे आणि शास्त्राचे नाव बहुधा ग्रीक.

परळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत हे तपासून पाहता येते. मूत्रपिंडाच्या विभागावर नेफ्रॉलॉजी लिहिलेले असते. हा ग्रीक नेफ्रॉस. त्याच रुग्णाच्या हातातल्या कागदावर मात्र रीनल फंक्शन टेस्ट असते. हा लॅटिन रेन. त्वचेचा विभाग डर्मॅटॉलॉजी, ग्रीक डर्मा. पण इन्सुलिनचे इंजेक्शन सबक्यूटेनियस, लॅटिन क्यूटिस. फुफ्फुसाचा न्यूमोनिया ग्रीक, पल्मनरी आर्टरी लॅटिन. नाकाचे रायनायटिस ग्रीक, नेझल लॅटिन. कानाचे ओटायटिस ग्रीक, ऑरिकल लॅटिन. दाताचे डेंटल लॅटिन, ऑर्थोडॉन्टिक्स ग्रीक. टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झाले, तिथला ऑंकॉलॉजी हा शब्द ग्रीक ऑंकॉसपासून, म्हणजे गोळा किंवा फुगवटा. कॅन्सर म्हणजे लॅटिनमध्ये खेकडा, कार्सिनोमातला कार्किनॉस म्हणजे ग्रीकमध्ये खेकडा, आणि आपण कर्करोग म्हणतो तेव्हा तोच खेकडा मराठीत चालत असतो.

एक जोडी वहीत ठळक लिहून ठेवा: सबलिंग्वल आणि हायपोग्लॉसल. दोन्हींचा अर्थ जिभेखालचे. सब आणि लिंग्वा लॅटिन, हायपो आणि ग्लॉसा ग्रीक. पण सबलिंग्वल म्हणजे जिभेखालची लाळग्रंथी किंवा जिभेखाली ठेवायची गोळी, आणि हायपोग्लॉसल म्हणजे जिभेच्या हालचालींची बारावी मज्जातंतू. अर्थ एक आणि वस्तू दोन, म्हणून दोन्ही भाषा माहीत असाव्या लागतात.

हा नियम पोलादी नाही. यकृताला लॅटिनमध्ये जुना शब्द जेकुर होता, पण शरीररचनेच्या लॅटिनने ग्रीक हेपारच स्वीकारला. अपेंडिसायटिस आणि टॉन्सिलायटिस यांत लॅटिन धडाला ग्रीक शेपूट लावलेले आहे. असे अपवाद दिसले की रकान्याच्या कडेला तारा काढा आणि पुढे चला.

कुठला शब्द ग्रीक हे ओळखायची एक सोपी खूण स्पेलिंगमध्ये आहे. पीएच, आरएच, सीएच, मध्येच आलेला वाय, किंवा सुरुवातीला न उच्चारला जाणारा पी दिसला की तो बहुधा ग्रीक समजावा. न्यूमोनियातला मुका पी मुलांना छळतो. त्याचे कारण ग्रीक आहे हे एकदा कळले की स्पेलिंग चुकत नाही.

तिसरी पायरी: चौथा रकाना, आपले नातलग

मला सर्वांत जास्त ओढ या रकान्याची आहे. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एकाच प्राचीन भाषेच्या लेकी आहेत, आणि मराठी संस्कृत-प्राकृताच्या घरातली. त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या मुलाला जे शब्द परके वाटतात त्यांतले कित्येक आपल्याला चेहऱ्यावरून ओळखता येतात.

शाळेच्या पुस्तकातला यकृत घ्या. लॅटिन जेकुर आणि ग्रीक हेपार हे त्याचे सख्खे भाऊ. प्लीहा आणि ग्रीक स्प्लेन एकच. आतडे आले आंत्रापासून, आणि ग्रीक एंटेरॉन म्हणजे आतडेच, म्हणून एंटेरायटिस. नाभी आणि लॅटिन अंबिलिकस, ग्रीक ऑम्फालॉस. अस्थी आणि ग्रीक ऑस्टिऑन, लॅटिन ऑस. दंत आणि डेन्स. नख आणि ग्रीक ऑनिक्स. भुवई, म्हणजे भ्रू, आणि ग्रीक ऑफ्रिस. जानू आणि लॅटिन जेनू: आजानुबाहू हा शब्द येतो ना? मग जेनू व्हॅल्गम, म्हणजे गुडघे आतल्या बाजूला वळलेले असणे, हे वाचल्यावर गुडघ्याकडे लक्ष जायलाच हवे. पॅन्क्रियास म्हणजे पॅन आणि क्रिआस, सगळे मांसच. या क्रिआसचा नातलग क्रव्य, आणि मांस खाणारा तो क्रव्याद. थायरॉइड म्हणजे थायरिऑससारखा, आणि थायरिऑस म्हणजे दारासारखी लांबट ढाल. ग्रीक थायरा म्हणजे दार. द्वार, दार, थायरा एकच.

१८४५ साली भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तिथून १८५१ मध्ये पदवी घेतलेल्यांत भाऊ दाजी लाड होते. ते वैद्य होतेच, शिवाय संस्कृतचे आणि जुन्या शिलालेखांचे जाणकार होते. या शहरात हे शब्द शिकणाऱ्या पहिल्या पिढीत संस्कृत जाणणारा माणूस होता, याचा मला फार आधार वाटतो. राणीच्या बागेजवळच्या त्यांच्या नावाच्या संग्रहालयात कधी गेलात तर ही गोष्ट आठवा.

उपसर्गांत तर आपला हात धरणारे कुणी नाही. ग्रीक अ आणि अन् हे आपलेच अ आणि अन्. नियमसुद्धा तोच: पुढे व्यंजन आले तर अ, स्वर आला तर अन्. आपल्याकडे अशक्त पण अनादर, तिकडे अफेजिया (वाचा जाणे) पण अनीमिया (रक्तक्षय). पेरी म्हणजे परि. परिसर म्हणजे भोवतालचा भाग, पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतालचे आवरण. डिस म्हणजे दुस्, दुर्. दुर्गंध, दुष्काळ, तसे डिस्प्निया, म्हणजे श्वासाचा त्रास.

हायपर आणि हायपो यांची चूक वॉर्डात महागात पडते, म्हणून त्यावर थोडी थांबते. हायपो म्हणजे आपला उप, लॅटिन सब. हायपर म्हणजे उपरि, लॅटिन सुपर, आणि मराठीतला वर हा शब्द याच उपरिपासून आला. मुंबईत राहणाऱ्याला हे शिकवावेही लागू नये. रोज ज्या गाडीने येता ती सबर्बन, म्हणजेच उपनगरीय. सब आणि उप एकाच फलकावर दोन लिप्यांत शेजारी शेजारी लिहिलेले असतात. तोच उप हायपोग्लायसेमियात: साखर खाली. आणि हायपरग्लायसेमियात साखर वर.

चौथी पायरी: लिंग आणि षष्ठी

इथे इंग्रजीत वाढलेली मुले अडखळतात आणि आपण अडखळायचे कारण नाही. लॅटिनमध्ये तीन लिंगे आहेत, मराठीतही तीन. विशेषण नामाप्रमाणे बदलते, आपल्याकडेही बदलते. मोठा डोंगर, मोठी नदी, मोठे झाड असे आपण विचार न करता म्हणतो. तसेच ग्लुटिअस मॅक्सिमस पुल्लिंगी, म्हणजे नितंबाचा सर्वांत मोठा. व्हेना काव्हा स्त्रीलिंगी, म्हणजे पोकळ शीर. फोरामेन मॅग्नम नपुंसकलिंगी, म्हणजे मोठे छिद्र. अस, आ, अम ही शेवटे आपल्या आ, ई, ए सारखीच आहेत. फरक एवढाच की लॅटिनमध्ये विशेषण बहुधा नामाच्या मागून येते.

षष्ठी म्हणजे आपला चा-ची-चे. बायसेप्स ब्रेकिआय म्हणजे दंडाचा दोन डोक्यांचा स्नायू, बायसेप्स फेमोरिस म्हणजे मांडीचा. नुसते बायसेप्स म्हणून थांबलात तर परीक्षक कुठला असे विचारणारच.

हे दोन नियम हाती आले की सर्वांत लांब नावाचा स्नायू भीती घालत नाही. लेव्हेटर लेबिआय सुपीरिओरिस अलिक्वे नेझाय. लेव्हेटर, उचलणारा. लेबिआय सुपीरिओरिस, वरच्या ओठाचा. अली, पंखाचा. नेझाय, नाकाचा. मधला क्वे म्हणजे आणि, आणि तो शब्दाच्या मागे चिकटतो, जसा संस्कृतात च चिकटतो. रामो लक्ष्मणश्च. क्वे आणि च ही एकाच मुळाची रूपे आहेत. तर हा वरचा ओठ आणि नाकपुडीची कड उचलणारा स्नायू. आता आरशासमोर नाक आणि ओठ वर खेचून पाहा. तो जागा होईल.

अनेकवचने: अस चे आय, आ चे ई, अम चे आ. फोरामेनचे फोरामिना आणि कॉर्पसचे कॉर्पोरा एवढे वेगळे लक्षात ठेवा. प्लेक्ससचे प्लेक्साय करू नका, लॅटिनमध्ये ते प्लेक्ससच राहते.

पाचवी पायरी: शेपटे

आयटिस म्हणजे दाह. ऑइड म्हणजे सारखा दिसणारा, आणि त्यातले कित्येक ग्रीक अक्षरांसारखे दिसणारे आहेत. खांद्यावर जिथे लस टोचतात तो डेल्टॉइड त्रिकोणी डेल्टासारखा. मोठ्या आतड्याचा वळलेला भाग सिग्मॉइड. गळ्यातले हायॉइड हाड अप्सिलॉनसारखे.

टोमी, एक्टोमी आणि स्टोमी या तिघांत मात्र जपून. टोमे म्हणजे काप. ॲनाटॉमी या शब्दातही तोच आहे, ॲना म्हणजे वर किंवा पूर्ण, म्हणजे कापून उलगडणे. एक्टोमीत एक म्हणजे बाहेर, तेव्हा कापून बाहेर काढणे. आणि स्टोमी हा शब्द कापण्याचा नाहीच. स्टोमा म्हणजे तोंड. आपण गळवाला तोंड पडले म्हणतो, त्याच अर्थाने. कोलॉस्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याला पोटावर तोंड काढणे, आणि कोलेक्टोमी म्हणजे मोठे आतडे किंवा त्याचा भाग काढून टाकणे. नातेवाइकांना समजावताना या दोघांची अदलाबदल झाली तर त्यांच्या जिवाचा थरकाप होतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सहावी पायरी: फसवे शब्द

हे पान वहीच्या शेवटी ठेवा आणि महिन्यातून एकदा वाचा.

सर्व्हिक्स म्हणजे मान. पण ती मानेची मान आणि गर्भाशयाचीही मान. गेल्या पावसाळ्यात एक प्रशिक्षणार्थी मुलगी माझ्याकडे गोंधळून आली. "मॅडम, त्या काकू म्हणतात, माझी मान तर अजिबात दुखत नाही, मग सर्व्हायकलची तपासणी कशाला?" चूक काकूंची नव्हती. मुंबईत सर्व्हायकल म्हटले की सगळ्यांना मानेचा पट्टाच आठवतो. मी तिला म्हटले, "त्यांच्याजवळ बस आणि गर्भाशयाचे तोंड असे मराठीत सांग." काकूंनी ऐकून घेतले आणि तपासणीला तयार झाल्या.

इलियम दोन. देवनागरीत लिहिले तर फरकच दिसत नाही. एकाच्या स्पेलिंगमध्ये मधे ई येतो, ते लहान आतड्याचे शेवटचे अंग: एंटेरॉनचा ई आठवा. दुसऱ्यात आय येतो, ते कमरेचे हाड.

ऑस दोन. षष्ठीत ओरिस झाले तर तोंड, ऑसिस झाले तर हाड. पेड दोन. लॅटिन पेस, पेडिस म्हणजे पाय, आपल्या पाद-पायाचा भाऊ, आणि त्यातून पेडल. ग्रीक पैस, पैडोस म्हणजे मूल, आणि त्यातून पीडिऍट्रिक्स. मायो म्हणजे स्नायू, मायेलो म्हणजे मज्जा: हाडातलीही आणि पाठीच्या कण्यातलीही. सॅल्पिंक्स म्हणजे तुतारी, ती गर्भनलिकेलाही लागते आणि कानापासून घशाकडे जाणाऱ्या नळीलाही. पेरोनिअल म्हणजे फिब्युलाशी संबंधित, कारण ग्रीक पेरोने म्हणजेही पिन. पेरिनिअल म्हणजे जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या मधला भाग. एका स्वराने रुग्णाच्या शरीरातली जागाच बदलते.

आर्टरी हा शब्द अर्थाच्या दृष्टीने फसवा आहे. ग्रीक आर्टेरिया हा शब्द श्वासनलिकेलाही वापरत. मेलेल्या शरीरात रोहिण्या, म्हणजे आर्टरी, रिकाम्या आढळत, म्हणून त्यांतून हवा वाहते असे मानले जाई. जिवंत शरीरात त्यांत रक्तच असते हे गेलनने प्रयोगाने दाखवले. खऱ्या श्वासनलिकेचे पूर्ण नाव होते ट्रॅकिया आर्टेरिया, खडबडीत नळी. आर्टेरिया गळून पडला आणि नुसता खडबडीत उरला. गळ्याच्या पुढच्या भागावरून हलकेच बोट खाली सरकवा. कूर्चेच्या कडा लागतील.

आतड्यांची नावे एका दमात पाठ होतात. ड्युओडेनम म्हणजे बारा. हेरोफिलसने त्याची लांबी बारा बोटे मोजली, भाताचे पाणी आई बोटाने मोजते तशी. पुढचे जेजुनम म्हणजे उपाशी, कारण विच्छेदनात ते रिकामे आढळे. मोठ्या आतड्याची सुरुवात सीकम, म्हणजे आंधळे, एका बाजूने बंद असलेले. शेवटचे रेक्टम म्हणजे सरळ. माणसात ते मुळीच सरळ नसते. गेलनने मुख्यतः माकडे आणि इतर प्राणी कापले होते, आणि त्यांच्यात ते सरळ असते. नाव टिकले.

रोजची सवय

दिवसाला दहा शब्द पुरे. डिसेक्शनच्या आदल्या रात्री, उद्या ज्या भागावर काम आहे त्याचेच दहा घ्या, भलतेच नकोत. चारही रकाने भरले नाहीत तरी चालेल, पण पहिला कधीच रिकामा ठेवू नका. घरचा शब्द आठवला नाही तर गावी फोन करून विचारा. माझ्या एका विद्यार्थिनीने खांद्यामागच्या हाडाला खवाटा म्हणतात हे आजोबांकडून मिळवले, आणि स्कॅप्युला ती आता विसरत नाही. डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्यांना गाडीत वही उघडायला जागा नसते. त्यांनी शब्द तोंडाने तोडायचे. उभ्या उभ्या, मनातल्या मनात, एकेक तुकडा आणि त्याचा अर्थ.

शरीर समोर असेल तेव्हा आधी बोट ठेवा, मग नाव उच्चारा. ज्यांनी मृत्यूनंतर आपला देह आपल्या शिक्षणासाठी दिला, त्यांच्यासमोर नुसते पाठांतर म्हणू नये असे मला मनापासून वाटते.

आज रात्रीसाठी एक शब्द देते: स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. आरशासमोर उभे राहा आणि मान डावीकडे वळवा. उजव्या बाजूला तिरका, दोरीसारखा स्नायू उठून दिसेल. त्याच्या खालच्या टोकाला बोट लावा. एक फाटा छातीच्या मधल्या हाडावर, ते ग्रीक स्टर्नॉन. दुसरा हासळीवर, ती ग्रीक क्लाइस, म्हणजे इथेही किल्लीच. आता बोट वर सरकवत कानामागे न्या. तिथला गोल उंचवटा मॅस्टॉइड, मॅस्टॉस म्हणजे स्तन आणि ऑइड म्हणजे तसा दिसणारा. मग मान उजवीकडे वळवून डावा शोधा.